‘पांडुरंग’ : एका नावाचा अर्थ आणि त्याचा वारसा

वारीच्या वाटेवर कोणत्याही दिंडीत शिरून ‘अहो पांडुरंग’ अशी हाक मारली, तर चार-दोन माणसे तरी ‘ओ’ देतील. कोणी पांडोबा असेल, कोणी पांडूतात्या, कोणी नुसताच पांडबा. आपल्या संप्रदायात हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आजोबांचे नाव नातवाला ठेवायचे, नातवाचे त्याच्या नातवाला, असे करीत एकेका घराण्यात चार-चार पांडुरंग होऊन गेलेले आहेत. पण या नावाचा अर्थ काय, ते आले कोठून, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बरेचजण ‘देवाचे नाव आहे, झालं!’ एवढे सांगून मोकळे होतात. श्रद्धेला तेवढे उत्तर पुरते. अभ्यासाला मात्र ते पुरत नाही. शिवाय अलीकडे घरोघर बारशाच्या वेळी एक लहानसा वाद निघतो, तो आपण सर्वांनी ऐकलेला आहे. आजोबा म्हणतात, पांडुरंग ठेवा. मुलगा आणि सूनबाई म्हणतात, नाव फार जुने वाटते, शाळेत पोरं चिडवतील. अशा वेळी नुसता वडीलकीचा हट्ट धरून उपयोग नाही. नावात काय साठवलेले आहे हे सांगता आले पाहिजे. म्हणून या लेखात आम्ही त्या नावाचा जमेल तेवढा विचार करणार आहोत.

मुलांना पडणारा प्रश्न

नावाचा विचार करू लागले की पहिली अडचण लहान मुलेच काढतात. गाभाऱ्यात उभा असलेला देव काळा. आपण त्याला सावळा म्हणतो, मेघश्याम म्हणतो. आणि ‘पांडू’ म्हणजे तर फिकट पांढरा. मग काळ्या देवाचे नाव पांढरे कसे? मुलाने असे विचारले की मोठी माणसे त्याला ‘गप्प बस’ म्हणतात. वास्तविक हा प्रश्न अगदी रास्त आहे. मोठमोठ्या पंडितांनाही तो पडलेला आहे, आणि त्याच्या उत्तरातच या नावाचे सगळे मर्म आहे.

आधी शब्दाची फोड करू. संस्कृतात ‘पांडु’ म्हणजे पिवळसर पांढरा, फिकट. पांडवांचा पिता पांडुराजा, त्याचे नाव याच अर्थाने पडले. अंगातले रक्त कमी होऊन माणूस फिका पडतो त्या विकाराला वैद्य पांडुरोग म्हणतात, तोही हाच शब्द. याचाच भाऊबंद ‘पांडुर’ किंवा ‘पांडर’. आणि त्यापासून आपल्या मराठीत ‘पांढरा’ हा शब्द आला. ‘रंग’ म्हणजे वर्ण, हे सर्वांना ठाऊक आहे. पण रंग या शब्दाला दुसराही अर्थ आहे. रंग म्हणजे नाट्यभूमी, खेळ जेथे होतो ती जागा. रंगभूमी, रंगमंच हे शब्द त्यातूनच निघाले. आणि मराठीत तर रंग म्हणजे गोडी, तल्लीनता. कीर्तन रंगले, भजनाला रंग चढला, असे आपण रोज म्हणतो. या तीन अर्थांपैकी व्याकरणाला धरून पाहिले तर ‘पांडु आहे रंग ज्याचा तो पांडुरंग’ असा सरळ बहुव्रीही समास होतो. म्हणजे शब्दाचा अर्थ ‘शुभ्रवर्णाचा’ असाच निघतो. त्यातून सुटका नाही. आता हा शुभ्रवर्णाचा कोण, ते पाहावयाचे.

शिलालेख काय सांगतात

इतिहासाचे अभ्यासक या प्रश्नाकडे गावाच्या नावाकडून येतात. पंढरपूरचा आणि परिसराचा उल्लेख असलेले काही जुने लेख आज उपलब्ध आहेत. होयसळ राजा सोमेश्वर याच्या काळचा लेख सन १२३७ चा, त्यात या गावाचे नाव ‘पंडरगे’ असे येते. सन १२४९ चा यादव राजा कृष्ण याच्या काळचा ताम्रपट आहे, त्यात भीमरथीच्या, म्हणजे आपल्या भीमेच्या, तीरावरील ‘पौंडरीकक्षेत्र’ म्हटले आहे. सन १२७० च्या शिलालेखात भानूचा पुत्र केशव याने ‘पांडुरंगपुरी’ आप्तोर्याम यज्ञ केल्याचा उल्लेख आहे. त्यानंतर शके ११९५ ते ११९९, म्हणजे सन १२७३ ते १२७७, या काळातला चौऱ्याऐंशीचा प्रसिद्ध लेख येतो. ज्या काळात ज्ञानोबा माऊलींचा अवतार झाला तोच हा काळ.

या लेखांवरून असे दिसते की एकाच चाळीस वर्षांत एकाच गावाला पंडरगे, पौंडरीकक्षेत्र, पांडुरंगपूर अशी नावे चालू होती. कानडी मुलुखाच्या शेजारी असलेल्या या गावाचे मूळ लौकिक नाव पंडरगे असावे, आणि संस्कृत लिहिणाऱ्यांनी त्यालाच ‘पांडुरंग’ हे रूप दिले असावे, असे अनेक संशोधकांचे म्हणणे आहे. ग. ह. खरे यांनी ‘श्रीविठ्ठल आणि पंढरपूर’ या ग्रंथात या लेखांचा कसून अभ्यास केला. पुढे रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध केला, त्यात या देवाचा गवळी-धनगरांच्या जीवनाशी असलेला संबंध विस्ताराने मांडला.

असे काही वाचले की आपल्यातले काही भाविक बिचकतात. गावाच्या नावावरून देवाचे नाव पडले म्हणजे देवाला कमीपणा आला, असे त्यांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. अहो, आपला देव गावाला धरूनच आहे! तो वैकुंठ सोडून भीमेकाठी आला, पुंडलिकाने टाकलेल्या विटेवर उभा राहिला, आणि तेथून हलला नाही, हीच तर त्याची थोरवी आपण गातो. असा देव गावाचे नाव आपल्या अंगावर घेतो, यात नवल ते काय? लेक सासरी गेली की सासरचे नाव लावते. देव भक्ताच्या गावी आला आणि त्याने गावाचे नाव लावले. संशोधकांनी सांगितलेली गोष्ट आणि संतांनी सांगितलेली गोष्ट येथे एकमेकींच्या आड येत नाहीत.

‘पौंडरीक’ या नावाचेही थोडे पाहण्यासारखे आहे. पुंडरीक म्हणजे पांढरे कमळ. आपण ज्याला पुंडलीक म्हणतो त्या भक्तराजाच्या नावाचा अर्थ हाच. म्हणजे भक्ताच्या नावातही शुभ्रता आणि देवाच्या नावातही शुभ्रता. भक्त, देव आणि गाव या तिघांची नावे एकाच रंगात बुडवून काढावीत तशी दिसतात.

शुभ्र तो शिव

आता नावातला शुभ्रवर्णाचा कोण, या मूळ प्रश्नाकडे वळू. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचा मोठा जैन विद्वान होऊन गेला. त्याने देशी शब्दांचा ‘देशीनाममाला’ नावाचा कोश केला, त्यात ‘पंडरंग’ या शब्दाचा अर्थ रुद्र, म्हणजे शंकर, असा दिला आहे. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी या नोंदीकडे लक्ष वेधले. पांडुरंग हे मुळात शिवाचे नाव असेल, असा विचार त्यांनी मांडला. कारण पंढरपुरात शिवाचेही जुने स्थान आहे. शंकर भस्म लावणारा, कर्पूरासारखा गोरा. शुभ्र रंग त्याचा, यात शंका नाही.

म्हणजे काय झाले? नाव शिवाचे आणि मूर्ती विष्णूची! पंडिताला यात अडचण दिसेल. वारकऱ्याला यात घरची गोष्ट दिसते. विठोबाने मस्तकावर शिवलिंग धारण केले आहे, असे आपली परंपरा सांगत आली आहे. आपल्याकडे एकादशी आणि सोमवार दोन्ही पाळणारी घरे आहेत. आणि नरहरी सोनारांची कथा तर प्रत्येक कीर्तनात येते. नरहरी कडवे शिवभक्त, विठोबाचे तोंडही पाहणार नाहीत. देवाच्या कमरेचा करगोटा करण्याचे काम अंगावर आले, तेव्हा डोळ्यांना पट्टी बांधून मापाला गेले. हातांनी चाचपले तो शंकर लागला. पट्टी काढली तो विठ्ठल. पुन्हा पट्टी बांधली, पुन्हा शंकर. शेवटी त्यांना उमगले की आपण ज्याला दोन समजत होतो तो एकच आहे.

आता ही कथा आणि ‘पांडुरंग’ हे नाव शेजारी ठेवून पाहा. नरहरी सोनारांना जे कळायला डोळ्यांवर पट्टी बांधावी लागली, ते आपल्या देवाच्या नावातच आहे. डोळ्यांनी पाहावे तर काळा विष्णू, तोंडाने नाव घ्यावे तर शुभ्र शिव. पाहणे आणि म्हणणे एकाच वेळी झाले की हरी आणि हर एकत्र आले. ज्या काळात शैव-वैष्णवांचे तंटे होत होते त्या काळात हे नाव लोकांच्या तोंडी रुळले, ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

गर्गाचार्यांचे बारसे

काळ्याला पांढरा म्हणण्याला भागवतातही एक आधार सापडतो, आणि तो नेमका बारशाच्या प्रसंगी आहे. दशमस्कंधाच्या आठव्या अध्यायात गर्गाचार्य गोकुळात येऊन नंदाच्या घरी गुपचूप नामकरण करतात. कृष्णाचे नाव ठेवताना ते नंदाला सांगतात की या तुझ्या मुलाने युगायुगांत वेगवेगळे वर्ण घेतले. पूर्वी तो शुभ्र होता, लाल होता, पिवळा होता, आणि आता काळा झाला आहे. म्हणजे कृष्ण हे नाव त्याच्या आजच्या रंगावरून पडले, पण रंग हा त्याचा कायमचा नव्हे. रंग बदलतो, रंग घेणारा तोच.

या दृष्टीने पाहिले तर ‘पांडुरंग’ हे नाव आपल्याला सावध करणारे आहे. समोर दिसणारा रंग म्हणजे देव असे धरू नका. याच्या आधीही तो होता, दुसऱ्या रंगात होता, असे ते नाव सांगते. गोठ्यातून येणारा गोपाळ गाईंच्या खुरांनी उडालेल्या धुळीने माखून पांढुरका दिसतो, म्हणून पांडुरंग, असेही आपले जुने लोक सांगत आले. हे व्याकरणाने सिद्ध करता येणार नाही. पण गुरे राखणाऱ्याला हा अर्थ पटकन कळतो, आणि तो खोटाही नाही. दिवेलागणीला गाई घेऊन परतणाऱ्या पोराकडे पाहा, तोही तसाच पांडुरंग झालेला असतो.

काळी आणि पांढरी

शेतकऱ्याच्या भाषेतही या दोन रंगांची एक जोडी आहे, ती येथे आठवल्यावाचून राहवत नाही. आपल्या गावाचे दोन भाग असतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण, वस्तीची जमीन. शेकडो वर्षे माणसे राहिली, चुली पेटल्या, राख पडली, भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, त्याने ती माती पांढुरकी झाली. म्हणून जुन्या वस्तीचे टेकाड दिसले की लोक त्याला ‘पांढर’ किंवा ‘पांढरी’ म्हणतात. काळीत धान्य पिकते, पांढरीत माणसे राहतात. दोहोंपैकी एक नसेल तर गाव नाही.

पंढरी हे नाव या पांढरीवरूनच पडले असे आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा आमच्यापाशी नाही. पण शेतकरी वारकऱ्याच्या कानाला हे दोन शब्द जवळचे वाटतात, आणि त्यातून एक विचार सुचतो. आपला देव काळीसारखा काळा आणि नावाने पांढरीचा. पेरणी आटोपून काळीची माणसे निघतात आणि पंढरीला येतात. काळीला पाणी मिळो आणि पांढरीला शांती मिळो, एवढेच तर मागणे असते.

आणि आपल्या कपाळाकडे पाहा. वारकरी सकाळी स्नान करून काय लावतो? आधी गोपीचंदन आणि मग बुक्का. गोपीचंदन पिवळसर पांढरे, म्हणजे शब्दशः ‘पांडु’. बुक्का काळा. देवाचे नाव आणि देवाचे रूप हे दोन्ही रंग आपण रोज कपाळावर घेऊन हिंडतो. नावाचा अर्थ सांगायला पोथी उघडावी लागत नाही. मुलाने विचारले तर त्याला आरसा दाखवावा, बस्स.

देवाचे नाव माणसाला कसे आले

आता दुसरा भाग. देवाचे हे नाव माणसाला ठेवावे की नाही? आपल्याला वाटते की देवाचे नाव मुलाला ठेवणे ही रीत वेदकाळापासूनची असावी. पण धर्मशास्त्र पाहिले तर गोष्ट निराळी आहे. पारस्कर गृह्यसूत्र सांगते की मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरी असावे, त्याचे पहिले अक्षर घोष, म्हणजे ग, द, ब यांसारखे, असावे. ‘पां-डु-रं-ग’ हे नाव चार अक्षरी आहे, तेवढ्यापुरते ठीक. पण ‘प’ हे अक्षर अघोष! म्हणजे सूत्राच्या कसोटीला आपले नाव पहिल्याच अक्षराला उतरत नाही. आणि मानव गृह्यसूत्र तर म्हणते की देवतेच्या आश्रयाने नाव ठेवावे, पण प्रत्यक्ष देवतेचेच नाव ठेवू नये. म्हणून जुन्या काळी देवदत्त, विष्णुमित्र अशी नावे असत. देवाने दिलेला, देवाचा मित्र. देव स्वतः नव्हे.

मग प्रत्यक्ष देवाचेच नाव मुलाला ठेवण्याची रीत कशी फोफावली? आमच्या मते ही भक्तीची करणी आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधातली अजामिळाची कथा आपल्याला माहीत आहे. जन्मभर वाईट वागलेला माणूस मरताना धाकट्या मुलाला ‘नारायणा’ अशी हाक मारतो आणि यमदूतांच्या तावडीतून सुटतो. या कथेने हजारो घरांत पाळण्यातल्या नावांवर परिणाम केला असला पाहिजे. नाव ठेवताना सूत्रातले अक्षर कोणी मोजले नाही. दिवसातून वीसदा हाक मारताना तोंडात देव यावा, एवढेच पाहिले. जेवायला ये रे पांडुरंगा. गुरे सोड रे पांडुरंगा. दिवा लाव रे पांडुरंगा. जिला पोथी वाचता येत नव्हती, जिला माळ ओढायला सवड नव्हती, त्या माऊलीचे नामस्मरण असे चुलीजवळ बसून चालू होते.

यात मौज अशी की धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास ज्यांनी लिहिला, नामकरणासारख्या संस्कारांचे सगळे नियम ज्यांनी ग्रंथात मांडले, त्या महामहोपाध्याय काणे यांचे नाव पांडुरंग वामन! १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले. सूत्रांचा नियम एका बाजूला आणि त्यांच्या घरच्यांनी पाळण्यात उच्चारलेले नाव दुसऱ्या बाजूला.

मात्र अजामिळाच्या कथेचा सोयीचा अर्थ घेऊ नये, हेही येथे सांगितले पाहिजे. मुलाला देवाचे नाव ठेवले, आता कसेही वागलो तरी चालेल, असा हिशेब कोणी करीत असेल तर त्याने ती कथा पुरती वाचलेली नाही. यमदूत गेल्यावर अजामिळ जिवंत राहिला, त्याला पश्चात्ताप झाला, तो घर सोडून गंगाद्वारी गेला आणि त्याने उरलेले आयुष्य भजनात घालवले. नावाने त्याला सोडवले ते पुढे नीट जगण्यासाठी.

नावाचे धनी

हे नाव महाराष्ट्रापुरते राहिलेले नाही. आंध्र-तेलंगणात पांडुरंगराव नावाचे कितीतरी लोक आहेत. सोळाव्या शतकात तेनाली रामकृष्ण या कवीने तेलुगूत ‘पांडुरंग माहात्म्यमु’ हे काव्य रचले, ते त्या भाषेतल्या श्रेष्ठ काव्यांत गणले जाते. गुजरातेत नर्मदाकाठी नारेश्वरला दत्तभक्त रंग अवधूत महाराज होऊन गेले. त्यांचे मूळ नाव पांडुरंग विठ्ठल वळामे. सन १८९८ साली गोध्रा येथे मराठी घरात त्यांचा जन्म झाला. नावातला ‘रंग’ तेवढा त्यांनी ठेवला आणि बाकीचे सोडून दिले. इकडे मुंबईत एकोणिसाव्या शतकात दादोबा पांडुरंग आणि आत्माराम पांडुरंग हे दोघे तर्खडकर बंधू झाले. दादोबांनी मराठीचे व्याकरण रचले, आत्मारामांनी १८६७ साली प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. दोघेही आडनावाऐवजी वडिलांचे नाव लावीत, आणि म्हणून त्यांच्या वडिलांचे ‘पांडुरंग’ हे नाव इतिहासात कायमचे राहिले. मुळशीचा सत्याग्रह करणारे सेनापती बापट, त्यांचेही नाव पांडुरंग महादेव.

पण या नावाचे सोने कोणी केले असे आम्हाला विचाराल, तर आम्ही पांडुरंग सदाशिव साने यांचे नाव घेऊ. साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड येथे झाला. त्यांनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली ‘श्यामची आई’ लिहिले. त्यात स्वतःला त्यांनी नाव घेतले ते ‘श्याम’. श्याम म्हणजे काळा, पांडुरंग म्हणजे शुभ्र. आयुष्यभर एकच माणूस दोन्ही नावांनी ओळखला गेला, जसा आपला देव ओळखला जातो.

१९४७ पर्यंत पंढरपूरच्या मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना प्रवेश नव्हता. चोखोबांच्या वेळेपासून ही गोष्ट चालत आलेली. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना ते कोसळून सन १३३८ मध्ये चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी दिली. म्हणजे देहाने आणि अस्थींनीही चोखोबा दाराबाहेरच राहिले. सहाशे वर्षे आपण त्या समाधीला हात लावून आत जात होतो आणि त्यांच्या लेकरांना बाहेर ठेवीत होतो. हे कटू आहे, पण झाकून ठेवण्यात अर्थ नाही. साने गुरुजींनी त्यासाठी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले. विरोध करणारेही होते, शिव्याशाप देणारेही होते. शेवटी दार उघडले. पांडुरंगाच्या दारात एक पांडुरंग उपाशी बसला, तेव्हा पांडुरंगाची भेट सगळ्यांना झाली.

आता नावाच्या अर्थाकडे पुन्हा वळा. संस्कृतात रंगाला दुसरा शब्द आहे ‘वर्ण’. माणसामाणसांत जे उच्चनीच मानले त्यालाही शब्द तोच, वर्ण. ज्या देवाने काळा असून पांढऱ्याचे नाव धारण केले, ज्याने आपल्या एका देहात दोन वर्णांचे भांडण मिटवले, त्याच्या दारात वर्ण पाहून माणसे अडवायची, हे त्या नावाच्याच विरुद्ध होते. नाव मोठ्याने घेत होतो, अर्थ ऐकत नव्हतो. म्हणून आम्ही म्हणतो की नावाचा अर्थ समजून घेणे ही काही पंडितांची हौस नव्हे. अर्थ न समजता घेतलेल्या नावाखाली अन्यायही सुखाने नांदतो.

नाव ठेवा, पण नावे ठेवू नका

शेवटी बारशाच्या वादाकडे येऊ. पोरं चिडवतील ही भीती खोटी नाही. ‘पांडू’ हा शब्द थट्टेचा झाला आहे. १९७५ साली ‘पांडू हवालदार’ नावाचा विनोदी बोलपट आला, लोक पोट धरून हसले, आणि पुढे हवालदाराला पांडू म्हणण्याची रीत पडली. बोलपटाला आम्ही दोष देत नाही. हसण्याची गोष्ट हसण्यावारी न्यावी. परंतु थट्टेची सुरुवात पुष्कळदा आपल्याच ओसरीवर होते. पाळण्यात ‘पांडुरंग’ म्हणून नाव ठेवायचे, आणि चार दिवसांत त्याचा ‘पांड्या’ करायचा, हे कोण करते? आपणच ना? लाडाने ‘पांडू’ म्हटले तर चालेल, देवही लाडावून घेतो. पण रागाने, हेटाळणीने नाव मोडून हाक मारू नये. देवाचे नाव तोंडात यावे म्हणून ते ठेवले, आणि तोंडात मोडलेले नाव येत असेल, तर ठेवून काय मिळवले?

ज्यांना दुसरे नाव ठेवावयाचे असेल त्यांनी खुशाल ठेवावे. नाव कोणते ठेवले यावरून भक्ती मोजली जात नाही, आणि सूनबाईंशी भांडून ठेवलेल्या नावात गोडी उतरत नाही. आजोबांनी हट्ट करण्याऐवजी अर्थ सांगावा. बाळाला कपाळी गोपीचंदन-बुक्का लावताना हे दोन रंग कोणाचे, ते घरातल्यांना समजावून द्यावे. अर्थ कळला की नाव जुने वाटत नाही, असे आम्ही पाहिले आहे.

आणि ज्यांचे नाव आधीच पांडुरंग आहे, त्या आमच्या बंधूंना एकच विनंती. तुम्हाला कोणी हाक मारतो तेव्हा तो नकळत देवाला हाक मारतो. त्या हाकेला ‘ओ’ तुम्ही देता. तेव्हा ओ देताना आवाज गोड असावा. दारी आलेल्याला त्याची जात, त्याचे कपडे, त्याचा रंग न पाहता आत घ्यावे. एवढे झाले की नाव शोभले. मग शिलालेखात ते पंडरगे असो, कोशात पंडरंग असो, की पाळण्यात पांडुरंग.

रामकृष्ण हरि.